तासाचा भाव

आमच्या वऱ्हाडात भाव म्हटला की माणसाला कापूस आठवतो. बोंड फुटण्याआधीच अमरावतीच्या चहाच्या टपरीवर क्विंटलचे हिशेब सुरू होतात. माझ्या घरात मात्र गेली सहा वर्षे निराळ्याच भावाची चर्चा चालू आहे. ती म्हणजे तासाच्या भावाची.

माझा भाचा अकोल्याच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. एम. एस्सी. पहिल्या वर्गात, शिवाय नेट उत्तीर्ण. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ‘पोरगा प्रोफेसर आहे’ असे ठसक्यात सांगते आणि समोरचा लगेच विचारतो, ‘पर्मनंट का?’ दोन स्थळे या एका प्रश्नापाशी अडली. मुलींच्या बापांना मी बोल लावीत नाही; मीही मुलीचा बाप आहे.

मी स्वतः 1976 साली अमरावतीत अधिव्याख्याता म्हणून लागलो. श्रेणी होती 700 ते 1600. माझा एक वर्गमित्र त्याच सुमारास केंद्र सरकारच्या पहिल्या वर्गाच्या नोकरीत गेला. त्याचीही सुरुवात 700 वरच! ही बरोबरी काही आकाशातून पडली नव्हती. कोठारी आयोगाने (त्याचे सचिव आपले जे. पी. नाईक) 1966 सालीच बजावले होते की, हुशार माणसे शिक्षकी पेशात यावयाची तर पगार इतर नोकऱ्यांशी तोलून द्या. पुढे आमच्या अमरावतीचे बी. टी. देशमुख विधान परिषदेत प्राध्यापकांचे प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरीत राहिले.

कागदावर ती लढाई जिंकलेलीच आहे. सातव्या वेतन आयोगाने सहायक प्राध्यापकाची सुरुवात 57,700 रुपयांवर नेली आणि 2019 मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. वर महागाई भत्ता. मग रडगाणे कशाचे, असे कोणी म्हणेल. अहो, पगार जागेला आहे आणि जागाच भरलेली नाही! जुना माणूस निवृत्त होतो, खुर्ची तशीच राहते आणि तिच्यावर कोणाला तरी तासिका तत्त्वावर टेकवितात.

पदवी वर्गाच्या तासाचा दर 2023 साली 900 रुपये झाला. भाच्याकडे आठवड्याला 9 तास. म्हणजे 8,100 आणि चार आठवड्यांचे 32,400. ऐकावयास वाईट नाही. पण तास झाला तर पैसे. परीक्षा आल्या, पैसे बंद. उन्हाळा लागला, पैसे बंद. आपण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळीत असाल, त्या सुट्टीचेही त्याला काही मिळत नाही. जे मिळते तेही महिनोन् महिने उशिरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने पाहुण्या अध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला 50,000 पर्यंत द्यावे, असे 2019 मध्येच सांगून ठेवले आहे.

चांगला प्राध्यापक परदेशी पळतो, असे आपण म्हणतो. माझ्या भाच्याला पळावयास रस्ता ओलांडला तरी पुरे. अकोला हे आता शिकवणी-वर्गांचे गाव झाले आहे. बुलढाणा-वाशीमकडची मुले खोल्या घेऊन राहतात आणि डॉक्टरकी-इंजिनियरिंगच्या परीक्षांची तयारी करतात. एका क्लासवाल्याने त्याला कॉलेजच्या तिप्पट देऊ केले, तेही बारा महिने. सध्या पहाटेची एक तुकडी तो तिथे घेतो आणि तेवढ्यावर घरभाडे निघते.

‘सोडून दे ना कॉलेज!’ बहीण म्हणते. तो म्हणतो, ‘आई, तिथे प्रश्नाला चार उत्तरे छापलेली असतात, त्यांतले एक निवडावयाचे. कॉलेजात एखादी पोर दोलकाचे आंदोलन मोजते आणि विचारते, सर, वजन वाढवले तरी वेळ तेवढाच का?’

श्रेणी आणखी वाढवा, असे माझे मागणे नाही. जागा भरा आणि भरेपर्यंत तासाचा दर त्या पगाराच्या प्रमाणात, बारा महिन्यांचा द्या. पेन्शन खाणाऱ्याने हे बोलणे सोपे आहे, असे माझी मुलगी म्हणते. असेलही.

यंदा त्याने पुन्हा अर्ज केला. दरवर्षी करावाच लागतो. 9 तासांसाठी सात उमेदवार आले होते. मुलाखतीत विचारले, ‘शिकविण्याचा काही अनुभव?’ त्याने सहा प्रमाणपत्रे पुढे ठेवली. सहाही त्याच महाविद्यालयाची होती.