शेवटच्या गड्याची वेळ

काटोल, २२ नोव्हेंबर
साडेपाचला मैदानावर. अग्निवीर भरतीची तयारी करणारी पोरं आणि आमचे एनसीसीचे कॅडेट हल्ली एकत्रच पळतात. आज एक सेक्शन कमांडर सगळ्यांच्या आधी पोचला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे दोघं पार मागे, एक तर पोट धरून बसलेला. त्याला शाबासकी दिली नाही. म्हटलं, "बाबा, तुझ्या सेक्शनची वेळ शेवटचा गडी येईल तेव्हाच लागते." हिरमुसला. पण मग परत गेला आणि त्या पोराला हाताला धरून घेऊन आला.

२४ नोव्हेंबर
परेडनंतर राम राघोबा राणे सांगितले. एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई, नौशेरा-राजौरी रस्ता. वाटेत पेरलेले सुरुंग आणि झाडं आडवी टाकून केलेले अडथळे. राणे बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. पहिल्याच दिवशी मांडीला जखम झाली, तरी मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखालून त्याच्याबरोबर सरपटत ते पुढे सरकले. हातात दोर, एकाच्या ओढीनं चालकाला थांबायची खूण, दुसऱ्याच्या ओढीनं चालायची. परमवीरचक्र मिळालं आणि ते पाहायला ते हयात होते.

एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे अधिकाऱ्यानं सगळं स्वतःच करायचं का?" फार चांगला प्रश्न. सगळं नाही. पण काम जिथं अडलंय तिथं तो दिसला पाहिजे. मागे बसून नुसतं "चला, चला" म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

२६ नोव्हेंबर
१८१७ साली आजच्याच संध्याकाळी सीताबर्डीच्या लढाईला तोंड लागलं. टेकड्यांवर इंग्रजांची जेमतेम दीडेक हजार माणसं, त्यातही बहुतेक आपलेच देशी शिपाई. समोर नागपूरकर भोसल्यांची त्यांच्या दहापट फौज. रात्रभर तोफा चालल्या. सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा! त्यांच्या शौर्यात तसूभर खोट नव्हती. तरी दुपारपर्यंत डाव उलटला.

आमच्याकडे या पराभवाचा दोष नुसत्या फितुरीवर आणि नशिबावर टाकायची सवय आहे. मला ते पटत नाही. लढाई आपल्या हुकुमाशिवाय झाली, असा निरोप आप्पासाहेब भोसल्यांनी रेसिडेंट जेन्किन्सकडे धाडला. ज्यांचं रक्त सांडलं त्यांनी मग कोणाकडे बघायचं? उलट, टेकडीखाली कॅप्टन फिट्झगेराल्डनं "जोखीम माझी" म्हणून घोडदळ घातलं आणि रंग पालटला. तो शत्रूचा होता, म्हणून त्याचा गुण झाकायचं कारण नाही.

२७ नोव्हेंबर
संत्र्याच्या तोडणीमुळे निम्मीच पोरं आली. आलेल्यांना जनरल शंकरराव थोरात सांगितले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या चढाईचा अंदाज बांधला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या युद्धसरावात आपली तयारी किती तोकडी आहे ते दाखवून दिलं. वर कोणी मनावर घेतलं नाही. १९६२ मध्ये काय झालं ते देशानं भोगलं. गोळीसमोर उभं राहण्याइतकंच वरिष्ठांना नकोसं खरं सांगणं अवघड आहे, आणि भरतीच्या मैदानावर त्याची परीक्षा होत नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतात. त्या दिवशी झेंडावंदन आटोपलं की कॅडेटांना बसनं न्यायचं. प्राचार्यांशी उद्याच बोलतो.