मरळीला एक बेडूक पुरतो

मरळ धरायला रबराचा एक बेडूक पुरतो. काळा असला तर बरा, हिरवा असला तरी चालतो. नव्याने गळाच्या नादी लागलेला कुणी घरी आला की मी त्याला हेच सांगतो, आणि सांगताना पाठीमागचं लोखंडी कपाट आपल्या अंगाआड जाईल अशा बेताने बसतो. त्या कपाटाचे दोन खण ल्युअरनी भरलेले आहेत. ल्युअर म्हणजे खोटं आमिष. लाकडाचे, प्लॅस्टिकचे, पत्र्याचे मासे, बेडूक, किडे. गांडूळ आणि कणकेचा गोळा यांवर हयात काढलेल्या जुन्या गळवाल्यांना हा सगळा पोरखेळ वाटतो.

बेडकाची रचना मात्र पोरखेळ नाही. अंग पोकळ, आणि पोटातून निघालेला दुहेरी गळ वर वळून पाठीला चिकटलेला. बेशरमाच्या झुडपातून ओढा, जलपर्णीच्या गादीवरून ओढा, तो सहसा अडकत नाही. गळाची टोकं मऊ अंगाच्या आडोशाला असतात. मरळीने जबडा मिटला की अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. म्हणून झडप दिसल्या दिसल्या हिसका द्यायचा नसतो. क्षणभर थांबायचं, दोरी ताठ होऊ द्यायची, मग मारायचं. ही क्षणभराची कळ काढणं कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि मरळ बहुधा त्या क्षणातच सुटते.

आमच्या भागात मरळ कुठे असते? जिथे धड पाय ठेवायला जागा नाही तिथे. पैठणच्या खाली आपेगाव आणि हिरडपुरीच्या बंधाऱ्यांनी अडवलेली गोदावरी, गावोगावचे तलाव, काठाला माजलेलं बेशरम आणि त्याच्या बुडाशी साचलेला पाचोळा. मरळीला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर भागवावं लागत नाही, ती वर येऊन हवा गिळते. त्यामुळे मे महिन्यात पाणी कोमट आणि गढूळ झालं तरी ती तग धरून असते. पहाटे काठावर गप्प उभं राहिलं तर तिचं हवा गिळणं ऐकूही येतं. पावसाळ्यात आईबाप लालसर पिल्लांच्या घोळक्याची राखण करतात आणि घोळक्यावर जे पडेल त्यावर रागाने तुटून पडतात. अशा वेळी तिथे ल्युअर टाकणाऱ्याला मी गळवाला मानत नाही. त्यावर वाद घालायलाही मी बसत नाही.

पैठणच्या नाथसागर जलाशयात आम्ही गळ टाकत नाही. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे, आणि पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी मासे धरणाऱ्याने तिथल्या नियमांना वळसे घालू नयेत. बाकीच्या तलावांवर मच्छीमार संस्था असते, ठेकेदार असतो. त्याला विचारून, त्याचे पैसे देऊन बसायचं. म्हणजे शहरापासून तासाभराच्या अंतरावर एवढा मोठा जलाशय असूनही आमची मासेमारी होते ती लहानसहान पाण्यावर. त्याच नाथसागराचं पाणी संभाजीनगरच्या नळांना येतं, तेही काही दिवसांच्या अंतराने. नळाचा वार आणि रविवार एकत्र आले की मी काठावर नसतो, टाकीपाशी असतो.

कपाटातले बहुतेक ल्युअर मरळीसाठी बनलेलेच नाहीत. खोक्यावरचं चित्र बघा: हिरवट अंगाचा, भल्यामोठ्या तोंडाचा बास. हा अमेरिकेतल्या तळ्यांचा मासा. गोदावरीत तो नाही. आमच्या गटातल्या एकानेही तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण ल्युअरच्या धंद्याचा केवढा तरी भाग या एका माशाभोवती उभा आहे, त्यामुळे त्याच्या सवयी आम्हाला आमच्या मरळीच्या सवयींपेक्षा जास्त पाठ. तो पाण्यातल्या ओंडक्याशी कसा दबा धरतो, थंडीत किती खोल उतरतो, कुठल्या महिन्यात झिंग्यांच्या मागे लागतो. या ज्ञानाचा आपेगावच्या बंधाऱ्यावर काडीचा उपयोग नाही. तरी त्या ज्ञानाच्या आधाराने मी दरवर्षी काही ना काही मागवतो.

का मागवतो, याचं एक उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे. मी वाळूजला टूलरूममध्ये काम केलं, मोल्ड आणि डाय यांत हात काळे केले. असा माणूस ल्युअर हातात आला की आधी पाण्यात टाकत नाही, उजेडात धरतो. पार्टिंग लाइन कुठून नेली आहे? दोन अर्धे जोडलेत तिथे नख अडतं का? आतल्या छोट्या छर्ऱ्यांना फिरायला कप्पा किती ठेवलाय, आणि तो कप्पा कोरताना कुणाला किती रात्री बसावं लागलं असेल? बोटाएवढ्या वस्तूत वजन असं वाटायचं की फेकताना शेपूट पुढे जावी आणि ओढताना डोकं खाली जावं. हे जमवणं सोपं नाही. स्वस्त नकलेत नेमकं हेच बिघडलेलं असतं. रंग हुबेहूब, तोल गेलेला.

माशाच्या आकाराच्या ल्युअरला तोंडाशी एक पारदर्शक पट्टी असते, तिला आम्ही लिप म्हणतो. सगळी करामत तिची. ओढलं की पाणी तिच्यावर आदळतं, एकदा डाव्या कडेने सुटतं, एकदा उजव्या, आणि अंग हेलकावे खात चालतं. पट्टी अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर ल्युअर खोल जातो. खाली वळलेली असेल तर वरच्या थरात राहतो. कोन थोडा बदलला की चाल बदलते. एखादा ल्युअर डावीकडे ओढत असेल तर दोरी बांधायची पुढची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवायची, म्हणजे तो सरळ येतो. ही केसभराची दुरुस्ती करताना मला होणारा आनंद मासा लागल्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो. हे मी आमच्या गटात बोलून दाखवत नाही.

ल्युअरच्या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे फिनलंडचा लौरी रापाला. पोटासाठी मासे धरणारा, गरीब. मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर येतो तेव्हा थव्यातला नीट न पोहणारा, लंगडणारा मासा उचलतो, हे त्याने होडीतून न्याहाळलं होतं. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून चांभाराच्या सुरीने मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. त्याला ना बाजार दिसत होता ना गिऱ्हाईक. त्याला फक्त ते लंगडणं हवं होतं. पुढे कंपनी झाली, आणि प्रत्येक ल्युअर पाण्यात ओढून, चाल तपासूनच पाठवायचा ही तिची ख्याती झाली. शंभर टक्के तपासणी म्हणजे काय हे ज्याने कारखान्यात भोगलंय, त्याला ही गोष्ट ऐकून खिशात हात घालावासा वाटणारच.

आणि जगाने घातलाही. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात रापालाच्या ल्युअरवर लेख आला. मॅरिलिन मन्रो नुकतीच गेली होती, मुखपृष्ठावर ती होती, त्यामुळे तो अंक तुफान खपला. मन्रोसाठी अंक घेणाऱ्यांनी लाकडी माशाचा लेखही वाचला आणि मागणीचा असा लोंढा आला की पुरवठा करता करता कंपनीच्या नाकी नऊ आले. माझ्या कपाटाचं खापर मी थोडंसं त्या अंकावरही फोडतो.

रंगांच्या बाबतीत मात्र माझी सहानुभूती संपते. पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी मावळतो, आणि आपलं पाणी गढूळ. पावसाळ्यात गोदावरीत हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात मासा रंग बघत नाही. त्याला वरच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर एक काळी आकृती दिसते आणि अंगावरच्या रेषेतून पाण्याची थरथर कळते. काळा बेडूक चांगला तो एवढ्यासाठी. तरी एकाच साच्यातून निघालेला एकच ल्युअर बारा-पंधरा रंगांत विकतात. साचा एकदा बनवला की रंगाला खर्च तो कितीसा! हे गणित मला गिऱ्हाइकापेक्षा कारखानदाराच्या बाजूने जास्त कळतं. आणि तरीही पिवळ्या-हिरव्या अंगावर काळे पट्टे, पोट नारिंगी, असा ‘फायर टायगर’ समोर आला की माझा अंगठा पडद्यावर रेंगाळतो.

पूर्वी रेंगाळायची सोय नव्हती. संभाजीनगरात गळ, शिसं, तंगूस मिळायचं. ल्युअर बघायचा तर मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला जावं लागे, आणि तिथला दुकानदार ‘मासा कुठला, पाणी कुठलं’ विचारून निम्मा माल हातातून काढून घेई. आता रात्री जेवणं झाली की फोन उघडायचा. बाहेर तलाव आटलेला असतो किंवा पाऊस कोसळत असतो किंवा ठेकेदाराने या आठवड्यात येऊ नका म्हटलेलं असतं. काठावर जाता येत नाही त्या रात्री खरेदी होते. एकेक ल्युअर बघताना मी तो मनातल्या मनात कुठल्या तरी ओळखीच्या कोपऱ्यात टाकतो, बेशरमाच्या त्या तिसऱ्या जाळीपाशी, आणि मनातली मरळ कधी चुकत नाही. आठवड्याने पार्सल येतं. बायको दारातून आणून टेबलावर ठेवते.

“अहो, तुमचं आलंय परत. यातला एखादा तरी मासा खातो का?”

“याने अजून पाणी बघितलेलं नाही.”

“मग आधीच्यांनी कुठं बघितलंय?”

यावर बोलण्यासारखं काही नसतं.

खरी पंचाईत काठावर गेल्यावर. डायची ट्रायल घेताना आमच्याकडे एक शिस्त असते: शॉट बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तापमान बदला, किंवा दाब बदला, किंवा शिम घाला. तिन्ही एकदम बदललं आणि माल चांगला निघाला, तर कशामुळे निघाला हे कुणाला कळत नाही आणि पुढच्या पाळीला तोच बिघाड पुन्हा उभा. ही शिस्त मी शिकाऊ पोरांना घासून शिकवली. पण काठावर खोका उघडा असला की सगळी शिस्त पाण्यात. थोड्या वेळा फेकून काही लागलं नाही की ल्युअर बदल. बदलताना दोन पावलं सरकलेलो असतो, तोवर ऊन वर आलेलं असतं, ओढायचा वेगही नकळत बदललेला असतो. मग मासा लागला तर श्रेय नव्या ल्युअरचं, आणि घरी आल्यावर त्याच्या आणखी दोन रंगांची ऑर्डर. याउलट ज्याच्याकडे एकच ल्युअर आहे तो जागा बदलतो, वेळ बदलतो, वेग बदलतो. त्याला पाणी कळत जातं. मला खोका कळत जातो.

याचा सगळ्यात कडक दाखला बासवाल्यांच्याच इतिहासात आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास धरला. मंदीचे दिवस. तो आणि त्याचा मित्र मिळून दोघांत एक रॉड आणि एकच ल्युअर होता, असं सांगतात. मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. तो विक्रम आजही उभा आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, तीही ल्युअरवर नव्हे, जिवंत माशाच्या आमिषावर. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत ल्युअरचे किती कारखाने निघाले, किती पेटंटं झाली! दोन्ही दहा किलोंच्या बासांना त्यांची गरज पडली नाही.

हिरडपुरीच्या बाजूला आम्हाला एक भोई मामा भेटतात. त्यांचं जाळं असतं, शिवाय बांधालगत तंगुसाला जिवंत बेडूक लावून ठेवलेले दोन-चार गळ. एकदा माझा एक जपानी ल्युअर त्यांनी हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला.

“केवढ्याला पडलं ह्ये, सायेब?”

“आठशेला, मामा.”

“आन् गळ?”

“गळ त्यातच.”

त्यांनी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढलं. टोक घसरलं नाही, नखात रुतलं. गळाची धार बघायची हीच रीत, पुस्तकातही हीच दिलेली असते.

“गळ लई भारी हाय. तेवढे काढून देता का? बाकीचं राहू द्या तुमाला.”

मी गळ काढून दिले. आठशे रुपयांतले निदान ते तरी कामाला लागले. बिनगळाचा तो जपानी मासा आता कपाटातल्या वरच्या खणात असतो. त्याचं लिपचं काम इतकं सुबक आहे की टाकवत नाही.

मामांच्या त्या मागणीनंतर मी कपाटाची वाटणी केली. खालच्या खणात मासे धरायचं सामान: बेडूक, दोन-तीन स्पून, एखादा स्पिनर, पक्कड. ते एका डब्यात मावलं. बाकी सगळं वर, आणि त्याला मी आता मासेमारीचा खर्च म्हणत नाही. कुणी जुनी घड्याळं जमवतो, कुणी पेनं. मी चांगल्या टूलरूमचं काम जमवतो. हिशोब असा मांडला की घरात निदान भांडण तरी नीट मुद्द्यावर होतं.

परवा शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा आला. नोकरी लागलीय, रॉड घेतलाय, ल्युअर कुठले घेऊ म्हणून विचारत होता. मी म्हटलं, एक काळा बेडूक, एक स्पून, गळ काढायला लांब पक्कड, आणि उरलेले पैसे ठेकेदाराला द्यायला ठेव. पहिलं वर्ष याच्यावर काढ. त्याने वहीत लिहून घेतलं, नमस्कार केला, गेला. रात्री अकराला त्याचा मेसेज. सात ल्युअर निवडून ठेवलेल्या यादीचा फोटो, आणि खाली, ‘काका, यातले कुठले घेऊ?’

मी चष्मा लावला, फोटो मोठा केला. तिसऱ्याच्या लिपचा कोन फार चांगला होता. त्याला तसं कळवलं, आणि महिनाअखेरीला सेल लागतो, तोवर थांब म्हणून सांगितलं.