क्रियापदं मालवणीतून शिक

मिठबाव, ता. देवगड

चि. बाबू,

स्पॅनिशचा अभ्यास सुरू केलास, फार चांगलं केलंस. वीसेक देशांची ती राजभाषा. बोटीवर नोकरी लागली तर वालपाराइसो किंवा कायाओ बंदरात तीच कामी येईल. पण क्रियापदं इंग्रजी अर्थ लिहून पाठ करायची असं तू ठरवलंयस, ते मला पटत नाही. ती मालवणीच्या आधाराने शिकावीत.

'बोलणे' म्हणजे आब्लार. मी आब्लो, तू आब्लास, तो किंवा ती आब्ला, आम्ही आब्लामोस, ते आब्लान. कर्ता उच्चारला नाही तरी शेवटच्या प्रत्ययावरून कोण बोलतंय ते कळतं. इंग्रजीत हे प्रत्यय जवळजवळ झडून गेलेत, म्हणून इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला या रूपांचं ओझं वाटतं. आपल्याकडचं पोर मात्र शाळेत जाण्याआधीच 'तू जातस, तो जाता, ते जातत' असं बिनचूक बोलतं. इथे प्रमाण मराठीपेक्षाही मालवणी जवळची आहे. प्रमाण मराठीत तो 'जातो' आणि ती 'जाते'. मालवणीत तो जाता, ती जाता, आणि स्पॅनिशमध्येही 'जाणे'चं दोघांना एकच रूप, 'बा'. त्याहून मोठा पुरावा आवडीनिवडीच्या वाक्यांत आहे. 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस': आंबे अनेक झाले की क्रियापद बदललं, ज्याला आवडतात तो माणूस तोच राहिला. इंग्रजीतून शिकवताना याला उलटं वाक्य म्हणतात आणि त्यावर वेगळा धडा खर्च करतात. 'माका आंबो आवडता, माका आंबे आवडतत' म्हणणाऱ्याला त्यात उलटं काय दिसणार? डोकं दुखतं तेही तसंच: मे दुएले ला काबेसा.

परकी भाषा स्वतःच्या भाषेच्या आधाराने शिकणं काही नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात कोकणीचं व्याकरण लिहिलं ते पोर्तुगीजमधून. त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली ते राचोलला छापलं गेलं. आपली क्रियापदं युरोपातल्या पाद्र्यांना युरोपातल्या भाषेतून समजावली गेली. मग त्यांची आपण आपल्या भाषेतून का समजून घेऊ नयेत?

तू म्हणशील, मालवणीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक कुठे आहे? पुस्तक इंग्रजीच वाच, पण वहीत समोरचा अर्थ आपल्या बोलीत लिही. दुसरी शंका जास्त वजनदार आहे: आपली सवय काही ठिकाणी चुकवते. 'मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली' यात आपलं क्रियापद फळाच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे 'कोमी', कारण खाणारा मीच. इथे इंग्रजीच जवळची, हे मान्य करायला हवं. 'आहे' या एकाच शब्दासाठी त्यांच्याकडे सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदंही आहेत. मी मिठबावचा आहे, 'सोय दे मिठबाव'. आत्ता मिठबावला आहे, 'एस्तोय एन मिठबाव'. आंबा 'एस बेर्दे' म्हणजे रंगाने हिरवा, 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चा. हा फरक मालवणी शिकवणार नाही आणि इंग्रजीही शिकवणार नाही. तो वाक्यं बोलून बोलूनच अंगवळणी पडेल.

म्हणून वर्तमानकाळ आणि आवडीनिवडीची वाक्यं आधी पक्की कर, भूतकाळ नंतर घे. सेर-एस्तारसाठी वहीत समोरासमोरची दोन पानं राख, आणि भरलीस की मला पाठव.

तुझा,
मामा