पाण्यावरचे घर

मराठीत नाव असते ती ओलांडण्यासाठी. भवसागर, नावाडी, पैलतीर ही आपल्या संतपरंपरेतून आलेली सारी शब्दकळा एका काठावरून दुसऱ्या काठावर पोहोचण्याची आहे. मधल्या पाण्यात थांबून राहावे, तिथेच चूल मांडावी, ही कल्पना तिच्यात कुठे आढळत नाही. पुणेकरांचे पाण्याशी नाते तर आणखीच कोरडे. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याशी शहर ओलांडून हडपसरमार्गे इंदापूरकडे जातो, पण त्यावर होडी दिसत नाही. कालवा आणि घर हे दोन शब्द एकत्र आले की आम्हांला सप्टेंबर २०१८ आठवतो. तेव्हा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातल्या घरांत पाणी शिरले होते.

त्यामुळे मुलगी इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या बोटीत राहू लागल्याचे कळले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "किती दिवसांसाठी?" असा. ती म्हणाली, "सुट्टीवर नाही गं आई, राहायला आलेय." बाथ शहरातले घरभाडे तिला परवडत नव्हते हे एक कारण होते, दुसरे कारण तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. या जानेवारीत मी तिच्याकडे आठवडाभर राहून आले. जाताना हेतू स्पष्ट होता. तिला जमिनीवर आणायचे.

केनेट अँड एव्हन हा कालवा जॉन रेनी या अभियंत्याने आखला आणि तो १८१० साली पूर्ण झाला. रेल्वे आल्यावर त्याचा व्यापार आटला, कालवा गाळाने भरला, आणि स्वयंसेवकांच्या दीर्घ खटपटीनंतर १९९० साली तो पुन्हा अखंड वाहता झाला. मुलीची बोट सत्तावन्न फूट लांब आणि सात फुटांहून थोडी कमी रुंद. कारण तिथल्या बऱ्याच जुन्या कालव्यांवर बोटींना वरखाली चढवणारी दारे, ज्यांना लॉक म्हणतात, ती जेमतेम सात फुटांची आहेत. आमच्या जुन्या वाड्यातला बोळ याहून रुंद होता. बोट बांधायला कायमची जागा नसेल, तर साधारणपणे चौदा दिवसांच्या आत पुढे सरकावे लागते. म्हणजे पत्ता पंधरवड्यापुरता.

बोटीवर तिसरा रहिवासी होता वाघ्या. शर्यतीतून निवृत्त झालेला हा ग्रेहाउंड आपल्या मुधोळ कुत्र्याचा चुलतभाऊ शोभावा असा. नाव वाघ्या, पण बदकांना भिणारा, आणि थंडीत अंगावर जाकीट चढवल्याखेरीज पाऊल बाहेर न टाकणारा.

पहिले तीन दिवस मी खरोखर विसावले. सकाळी शेगडीतली राख काढायची, कोळसा घालायचा, बॅटरीसाठी तासभर इंजिन चालवायचे, मग वाघ्याला घेऊन काठावरच्या पायवाटेने निघायचे. एके काळी घोडे याच वाटेवरून बोटी ओढीत. अ‍ॅव्हनक्लिफला कालवा दगडी पुलावरून नदी ओलांडतो. खाली नदी वाहते, वर कालवा उभा. त्या पुलावर वाघ्या आणि मी बराच वेळ थांबत असू. दुपारी वाचन. पाणी जपून वापरायचे, कारण टाकी संपली की बोट घेऊन नळापर्यंत जायचे.

जेरोम के. जेरोमची 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) मी अनेक वर्षे वर्गात शिकवली. त्यातले दोघे सोबती लेखकाच्या खऱ्या मित्रांवरून बेतलेले. कुत्रा तेवढा कल्पनेतला. शिकवताना मी विनोदावर बोलत असे. बोटीत बसून वाचताना जाणवले की त्या विनोदाला आधार आहे तो मागे ठेवलेल्या घराचा. शेवटी पावसाला कंटाळून ते तिघे बोट सोडतात आणि आगगाडीने लंडनला जाऊन जेवतात. ज्याला परत जायला घर आहे, त्याची बोट ही सहल. पेनेलपी फिट्झजेराल्ड यांचे तसे नव्हते. त्या मुलांसह टेम्सवरच्या बार्जवर राहिल्या ते ओढगस्तीमुळे, आणि ती बार्ज एके दिवशी बुडाली. त्या अनुभवातून आलेल्या 'ऑफशोअर' या कादंबरीला १९७९ चे बुकर मिळाले. तिच्यातली माणसे ना धड जमिनीची, ना धड पाण्याची. मुलीचे वास्तव्य यांपैकी कोणत्या पुस्तकातले, हे मी मनाशी ठरवू पाहत होते.

चौथ्या रात्री कालवा गोठला. पहाटे तीनच्या सुमारास बर्फ बोटीच्या पोलादी अंगावर कडकड वाजू लागला. मुलगी जागी होऊन आली तेव्हा मी दिवा न लावता, बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"आई, बूट का घातलेस?"

त्यावर मी जे सांगितले, ते तिला आधी कधीच सांगितले नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला. नारायण पेठेतला आमचा वाडा गेला. मी सहा वर्षांची होते. आम्ही निघालो ते अनवाणी. त्यानंतर माझी आई जन्मभर पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला दाराकडे तोंड करून मांडून ठेवी. पाणी ओसरल्यावर चिखलातून तिला पाटा-वरवंटा तेवढा सापडला. पूरग्रस्तांसाठीच्या खोलीत तिने सर्वांत आधी तो मांडला, आणि मग म्हणाली, "झालं घर." मला मात्र ते घर कधीच घर वाटले नाही. पुढे घर म्हणजे सिमेंटचे, उंचावरचे आणि कर्ज फेडलेले, अशी माझी व्याख्या झाली. मुलीला मी ज्या जमिनीवर आणू पाहत होते ती हीच.

मुलगी काही बोलली नाही. वाघ्या मात्र उठला, आळस देऊन माझ्या बुटांवर अंग टाकून झोपला. मांजर घराचे आणि कुत्रा माणसाचा, असे आपल्याकडे म्हणतात. पाय हलवता येईनात, म्हणून मी उजाडेपर्यंत तशीच बसून राहिले. बर्फ वाजत होता. शेगडी धुगधुगत होती. भीती गेली असे म्हणणार नाही. पण पहाटेपर्यंत त्या आवाजातही बसता आले.

उरलेले तीन दिवस जमिनीचा विषय मी काढला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने लाकडी तळाची एक फळी उचलून दाखवली. खाली विटा आणि फरश्या रचलेल्या होत्या. बोट सरळ तरंगावी म्हणून तळाशी वजन लागते, नाहीतर ती कलते.

"आजीचा वरवंटा अजून आहे?"

"आहे."

"पुढच्या वेळी घेऊन ये."

परतल्यावर मी तो स्वयंपाकघराच्या माळ्यावरून काढला आणि वजनकाट्यावर ठेवला. विमानात न्यायचा, तर कपडे कमी न्यावे लागतील.