सिंहलद्वीपातले सहा तास

चितेगावच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तो काय असणार? पैठणच्या वाटेवरचे आमचे गाव. पाणी पाहावेसे वाटले तर नाथसागर आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटाही बऱ्यापैकी उठतात, तेवढ्यावर आमची हौस भागते. त्यामुळे मुंबईहून बोटीने कोचीन आणि कोलंबो करून यायचे ठरले, तेव्हा शेजारच्या आजींनी विचारले, "रावणाच्या गावाला? तिथं काय पाहायचं?"

आजींचा दोष नाही. आमच्या मुलखात त्या बेटाची कीर्ती पूर्वीपासूनच बेताची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतभर चित्र आहे. सिंहल नावाचा व्यापारी समुद्रपर्यटनाला निघतो, बोट फुटते, बेटावर सुंदर स्त्रिया स्वागत करतात आणि त्या निघतात राक्षसिणी! पुढे तोच सिंहल हत्तीघोडे घेऊन बेट जिंकतो आणि बेटाला त्याचे नाव पडते. एकीकडे रावण, दुसरीकडे राक्षसिणी. अशा ठिकाणी सहकुटुंब जायचे म्हणजे धाडसच.

बोटीवर मिळालेल्या कागदावर मात्र सगळे निर्धास्त होते. "कोलंबो. बौद्ध मंदिरे. सहा तास. जेवण बोटीवर." चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी ताम्रलिप्तीहून जहाजात बसला, चौदा दिवसांनी सिंहलात उतरला आणि दोन वर्षे राहिला. त्याला दोन वर्षे, आम्हांला सहा तास. आणि वर जेवणाच्या वेळेला हजर!

बंदरावर गाड्या उभ्याच होत्या. आमच्या गाडीचा वाटाड्या पांढऱ्या सारोंगातला, पन्नाशीचा, हसतमुख गृहस्थ. त्याने हात जोडून म्हटले, "आयुबोवन." दीर्घायुषी व्हा! मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे कान टवकारले. सिंहली भाषा आपल्याच आर्यकुळातली. त्यांचे आकडे ऐका: एक, देक, तुन, हतर, पह. गावाला ते 'गम' म्हणतात, हाताला 'अत'. जणू लांबच्या गावी दिलेली आत्या कित्येक वर्षांनी भेटावी आणि तिच्या बोलण्यात आजीचा हेल सापडावा.

वाटाड्याने तीन गोष्टी बजावल्या. जोडे आणि टोप्या बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. तिसऱ्या सूचनेने गाडीतली तरुण मंडळी हिरमुसली. सगळे जग पाठीमागे ठेवून आपण पुढे उभे राहायचे, ही हल्लीची प्रवासाची रीतच आहे. इथे मात्र फोटो काढायचा तरी तोंड मूर्तीकडेच हवे.

पहिले मंदिर गंगारामय. बेयरा तलावाजवळचे हे देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. आत शिरलो आणि आजोळच्या माडीवर आल्यासारखे झाले. भक्तांनी दिलेले काहीही इथे टाकून देत नाहीत. हस्तिदंत, घड्याळे, जुन्या मोटारी, भिंगातून पाहावी लागणारी इवलीशी बुद्धमूर्ती, पलीकडे पायऱ्यापायऱ्यांवर बसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा! अपरिग्रह शिकवणाऱ्याच्या घरी एवढा पसारा, म्हणून आमच्यातले एक गृहस्थ हसले. पण दिलेल्याचा अव्हेर करायचा नाही, हाही एक धर्मच.

तेथून जवळच, तलावाच्या पाण्यावर, सीमा मालकय. जुनी वास्तू पाण्यात खचली, तेव्हा 1970 नंतरच्या दशकात विख्यात वास्तुकार जेफ्री बावा यांनी ही नवी रचली. पाण्यावर तीन चौथरे, त्यांना जोडणारे पूल, निळसर कौलांचे छप्पर आणि ओळीने बसलेले शांत बुद्ध. खर्च केला एका मुस्लिम व्यापारी दांपत्याने, आपल्या मुलाच्या स्मरणार्थ. एका चौथऱ्यावर बोधिवृक्ष आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांना शिव, विष्णू, कतरगामचा कार्तिकेय आणि आपले गणपतिबाप्पा. सौभाग्यवतींना फार बरे वाटले. "ओळखीचं कुणीतरी भेटलं," म्हणाल्या.

पण खरे दर्शन घडले ते केलनियाला. शहरापासून दहाएक किलोमीटरवर, केलनी नदीच्या काठी हे महाविहार. खुद्द भगवान बुद्ध इथे आले होते, असे 'महावंस' हा बेटाचा जुना पाली इतिहासग्रंथ सांगतो. इथला पांढराशुभ्र स्तूप धान्याच्या राशीच्या आकाराचा आहे. खळ्यावर ज्वारीची रास पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला तो आकार समजावून सांगावा लागत नाही. आवारात बिभीषणाचे देऊळ आहे. रावण नव्हे, बिभीषण. या भागाचा तो रक्षणकर्ता. आजींना सांगायला ही बातमी मी तिथल्या तिथे मनात नोंदवून ठेवली.

विहारात सोलियस मेंडिस यांची विसाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. एका चित्रात अशोककन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन उतरते आहे. तीही बोटीनेच आली होती!

बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसे बोधिवृक्षाला पाण्याचे कलश वाहत होती. कुणी तेलाचे दिवे लावीत होते. एक वृद्ध बाई कमळकळीची एकेक पाकळी बाहेर दुमडून फूल उमलवीत बसली होती. आमच्या सौभाग्यवती पाहत उभ्या राहिल्या. बाईने मान वर केली, काही बोलली नाही, हातातली दोन कमळे पुढे केली. पाकळी कशी दुमडायची तेही दाखवले. दोघींनी मिळून फुले वाहिली. सौभाग्यवतींनी वाटाड्याकडून शिकलेले दोन शब्द म्हटले, "बोहोम स्तुती." म्हणजे, फार आभार.

ते पाहताना मला आमच्याच शहराची आठवण झाली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादच्या, उत्तरेला डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर माणसाएवढे दगडी उपासक आणि उपासिका गुडघे टेकून बसल्या आहेत. काहींचे हात जोडलेले, काहींच्या हातात माळा. भिक्खू गेले, दिवे विझले. पण ही दगडी माणसे उठली नाहीत. कित्येक शतके पूजा त्यांनीच चालवली. केलनियाला मी पाहिली ती तीच माणसे. फरक एवढाच, की ती हालचाल करीत होती.

'महावंसा'त एक जागा आहे, ती प्रत्येक मराठी माणसाने वाचावी. मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी देशोदेशी भिक्खू धाडले, त्याची ती यादी. लंकेला महेंद्र गेला. आणि महारट्ठाला, म्हणजे आपल्याकडे, महाधम्मरक्खित आला. एकाच दिव्यावर दोन वाती लावून दोन घरी पाठवाव्यात, तसे. मग तिथली तेवत राहिली आणि इथली विझली, असे म्हणून मी उसासा टाकणार होतो. ते वाटाड्याजवळ बोललोही.

तो म्हणाला, "आमचीही विझली होती, सर. पोर्तुगीजांनी हे देऊळ सोळाव्या शतकात पाडलं. अठराव्या शतकात तर उपसंपदा द्यायला नियमाप्रमाणे भिक्खूच उरले नव्हते. 1753 साली सयामहून भिक्खू आणावे लागले. आज बेटावर जो सर्वांत मोठा निकाय आहे, त्याचं नावच सयाम निकाय."

मी गप्प झालो. सिंहलाने दिवा सयामकडून लावून घेतला होता, आणि त्यात त्याला लाज वाटत नव्हती. उलट ते नाव त्याने मिरवले. मग आपली कथा तरी वेगळी काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1950 साली याच बेटावर जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. त्याच वर्षी औरंगाबादेस त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. त्याचे नाव मिलिंद. 'मिलिंदपञ्हा'तला, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, ती मूळच्या ब्रह्मदेशाकडच्या भिक्खू चंद्रमणींच्या हस्ते. तेव्हापासून आमच्या लेण्यांच्या पायथ्याशी विजयादशमीला पांढऱ्या कपड्यांतली माणसे लोटतात. आम्ही शहरी मंडळी ती गर्दी टाळून लेणी 'पाहायला' दुसऱ्या दिवशी जातो, आणि घरी येऊन शिल्पावर बोलतो.

बोटीचा कार्यक्रम कुणाच्या नशिबी आला, तर सहा तास थोडे आहेत म्हणून कुरकुरू नये. पांढरे, सुती कपडे घालावेत. उन्हात दगड तापतो, म्हणून पायमोजे जवळ ठेवावेत. दोन मंदिरे वगळावीत, पण एका ठिकाणी निवांत बसावे. आणि बोटीत चढण्यापूर्वी, जमले तर विजयादशमीलाच, एकदा आपल्या तिसऱ्या लेण्यात जाऊन यावे. दगडी उपासकांच्या पाठीमागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे बसले की तोंड आपोआप मूर्तीकडे होते.