माळ्यावरची जागल आणि आडोशाची सोय

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. येथून एक रस्ता परतूरला फुटतो. परतूरला मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे रेल्वे स्टेशन असल्याने फाट्यावर उतारूंची ये-जा चालू असते. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा नव्याने झाला तेव्हा तो इकडे आला. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही परभणी डोकावते ती त्यामुळे.

जमीन काळी, पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर. रब्बीत हरभरा, गहू आणि थोडीफार ज्वारी. नोकरीच्या निमित्ताने या शिवारात माझे अनेकदा जाणे झाले. हिवाळ्यात फाटा सोडून गाडीवाटेने आत गेले की एक गोष्ट हमखास नजरेस पडते. मधूनमधून शेतात चार मेढी रोवून उभे केलेले माळे. आठ-दहा फूट उंच, वर जुनी बाज किंवा तुराट्यांचा ताटवा, डोक्यावर ताडपत्री, खाली शेकोटीची राख. कुणी त्याला मचाण म्हणते, कुणी माळा. काम एकच, पिकाची राखण.

पूर्वी माळा असे तो ज्वारीच्या शेतात. वर उभे राहून गोफण फिरवायची आणि पाखरे हाकायची. हे काम दिवसाचे. सूर्य मावळला की राखणदार घरी. आता पाहुणे बदलले आहेत. रात्री रानडुकरांचा कळप येतो, पहाटे रोही आणि हरणे हरभऱ्यात शिरतात. एका रात्रीत अर्ध्या एकराची नासाडी होते. पूर्वी बंदुकवाले लोक मचाण बांधून किंवा पाणवठ्याजवळ लपण करून बसत आणि शिकार करीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि ते दिवस संपले. काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. शिकाऱ्याचे मचाण गेले, शेतकऱ्याचा माळा राहिला. फरक एवढाच की शिकारी हौसेने एखादी रात्र बसे, शेतकरी पोटासाठी दोन-दोन महिने बसतो.

आता मी ज्या विषयावर लिहिणार आहे तो वाचून कुणी हसेल, कुणी नाक मुरडेल. पण तो प्रत्येकाच्या देहाशी बांधलेला आहे. माळ्यावर बारा-बारा तास काढणाऱ्या माणसाने लघवीला आणि परसाकडला जायचे कुठे? माळा बांधताना आपण बॅटरी आठवतो, घोंगडी आठवतो, चहाची किटली आठवतो, फटाके आठवतो. ही गोष्ट मात्र कुणालाच आठवत नाही.

दर वर्षी बुद्ध पौर्णिमेला आपल्या राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्याशेजारी मचाणे बांधून हौशी निसर्गप्रेमींना रात्रभर बसवतात. चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरे मोजायची किंवा पाहायची. रात्री खाली उतरायचे नाही, असा तिथे दंडक असतो. म्हणून शहरातून आलेली माणसे वर चढण्याआधीच मोकळी होऊन घेतात, अडचण पडलीच तर सोबत झाकणाचा डबा ठेवतात. एका रात्रीसाठी ते एवढा विचार करतात. आपली रात्र एक नाही, सगळा हंगाम आहे.

पुरुषांचे त्यातल्या त्यात निभते. पण कसे, तेही पाहा. अर्धवट झोपेत दवाने ओल्या झालेल्या शिडीवरून उतरायचे, पायात चप्पल नाही, बॅटरी उशाशी राहिलेली. शिडीवरून पाय सटकून हात मोडलेली माणसे गावोगाव भेटतील. काही जण उतरण्याचा कंटाळा करून वरूनच धार सोडतात. ती पडते मेढीवर आणि शिडीच्या पायऱ्यांवर. मग शिडी आणखी निसरडी होते आणि माळ्याखाली अशी घाण सुटते की भाकरी खाणे नको वाटते.

बाया-माणसांचे दुखणे याहून मोठे आहे. रात्रीची जागल बहुधा पुरुष करतात, पण दिवसाची राखण आणि कापसाची वेचणी बायांच्याच वाट्याला येते. वाटूरच्या शिवारात बांधावर बसलेल्या बायांशी बोलताना मी उन्हात पाणी किती पिता असे विचारले. तरण्या पोरींनी पदर तोंडाला लावला. एक आजी सरळ बोलली, "सायब, दिसभर पानीच पेत न्हाई. म्हंजे उठायचं कामच पडत न्हाई." बाकीच्या हसल्या, मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस सुचू देईना.

आजीच्या बोलण्यामागे शेतीतलाच एक बदल दडलेला आहे. पूर्वी या भागात ज्वारी-बाजरी मोठ्या प्रमाणावर होती. पुरुषभर उंचीचे पीक म्हणजे बाईमाणसाला आयता आडोसा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठवाड्यात ज्वारीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली. सोयाबीन गुडघ्या-मांडीइतके, हरभरा तर वीत-दीड वीत. बांधावरची बोरी-बाभळीची झुडपेही आपण तोडली, कारण ट्रॅक्टर फिरायला अडचण होत होती. पीक बदलताना आपण उताऱ्याचा हिशेब केला, भावाचा केला; आडोशाचा कुणी केला नाही. भरल्या शिवारात बाई उघडी पडली आणि तिने त्यावर उपाय काढला तो पाणी न पिण्याचा.

हा उपाय दुखण्याला आमंत्रण आहे. लघवीची पिशवी साधारण पाव लिटर भरली की इशारा देते आणि अर्ध्या लिटरच्या आसपास पार तट्ट होते. तशीच तासन् तास दाबून धरली की आत जंतू वाढायला वेळ मिळतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंच लांबीचा, पुरुषाचा सात-आठ इंचांचा. त्यामुळे जंतूंना आत शिरायला बाईच्या बाबतीत वाट जवळची. त्यात पाणी कमी, म्हणजे लघवी दाट, आणि जंतू धुऊन निघण्याची सोय नाही. जळजळ होते, थोडी थोडी लघवी वारंवार लागते. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत बरगडीखाली दुखू लागले तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटुशी बाई असेल तर अजिबात अंगावर काढू नये. यातून दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती असते. पुरुषांनाही कमी पाणी पिण्याने मूतखडा होतो. वय झालेल्या गड्यांना रात्री तीन-चार वेळा उठावे लागत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवावे. ती मधुमेहाची किंवा प्रोस्टेट ग्रंथीची खूण असू शकते.

पाणी पुरेसे झाले की नाही हे ओळखणे सोपे आहे. लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिकट असला की समजावे ठीक आहे. गोडेतेलासारखी पिवळी दिसली की लगेच तांब्याभर पाणी प्यावे.

आता सोय कशी करावी ते सांगतो. खर्च जवळजवळ नाही.

माळ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जागा धरावी. विहीर, ओढा किंवा शेततळे यांपासून ती निदान दोनशे फूट लांब असावी आणि पाणी साचणारी नसावी. तिथे एक फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार-पाच फूट लांब असा चर खणावा. निघालेली माती शेजारीच ढिगाने ठेवावी. चरावर बसण्यासाठी दोन भक्कम फळ्या आडव्या टाकाव्यात. भोवती चार बांबू रोवून खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना शिवून त्यांचा कनातीसारखा पडदा करावा. पुरुषभर उंच हवा. दार माळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. परसाकडला जाऊन आले की वर दोन ओंजळी माती आणि शेकोटीची राख टाकावी. माशा बसत नाहीत, वास येत नाही. चर वरून एक फूट राहिला की मातीने बुजवून टाकावा आणि पुढे नवा खणावा. हात धुण्यासाठी साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून बांबूला बांधून ठेवावी, म्हणजे कावळा नेत नाही. बायांच्या अडचणीच्या दिवसांसाठी त्याच आडोशात झाकणाचा एक डबा ठेवावा.

उघड्यावर बसण्यापेक्षा हे का बरे? आकडेकृमीची पिल्ले मळातून ओल्या मातीत येतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. मग माणूस पांढराफटक पडतो, कष्ट झेपत नाहीत. मळ मातीखाली गेला आणि पायात वहाण आली की हे चक्र तुटते.

रात्री लघवीसाठी प्रत्येक वेळी शिडी उतरण्याचे कारण नाही. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा, तोंड रुंद कापून त्यावर घट्ट बसेल असे झाकण करावे आणि तो दोरीने माळ्याच्या कोपऱ्याला बांधावा. औषध फवारणीचा डबा यासाठी कधीही वापरू नये. थंड पेयाची बाटलीही नको. पहाटे एखादे लेकरू पाणी समजून तोंडाला लावते.

या कॅनमधले फेकून देण्यासारखे नाही, हे मी कृषी पदवीधर म्हणून सांगतो. जनावरांचे मूत्र आपण जपतो, माणसाच्या मूत्रातही नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही आहेत. मोठा माणूस दिवसाला एक ते दीड लिटर लघवी करतो. हिशेब केला तर दहा माणसांच्या वर्षभराच्या लघवीत युरियाच्या एका ४५ किलोच्या गोणीइतका नत्र जवळपास भरतो. एका भागात दहा भाग पाणी मिसळून कापसाच्या किंवा मोसंबीच्या बुडाशी ओतावे आणि मातीने झाकावे, म्हणजे नत्र उडून जात नाही. काढणीच्या महिनाभर आधी थांबावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्याला देऊ नये. चरातल्या मळाचे मात्र घाईने खत करू नये. जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात. बुजवलेला चर निदान वर्षभर उकरू नये. आपल्या पूर्वजांनी या खताला सोनखत म्हटले ते उगीच नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच विचाराने साधे, खत देणारे संडास तयार करून दाखविले आणि त्यात स्वतःच्या हाताने काम केले.

लघवीच्या वासाने डुकरे येत नाहीत, असेही काही जण सांगतात. त्यावर विसंबून झोपू नये. वास दोन-चार दिवसांत उडतो आणि डुकरे सरावतात.

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रात्री आडोशाला जाताना जिवाला धोका दोन बाजूंनी असतो. पहिला विंचू-सापाचा. मण्यार तर रात्रीच फिरते. पायात बूट, हातात बॅटरी आणि काठी आपटत जाणे, एवढे तरी करावे. साप चावला तर बांधाबांध आणि मांत्रिक यांत वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तिथेच मिळते. विंचू चावल्यावरही तसेच. जालना जिल्ह्यातच जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि कितीतरी जीव वाचविले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

दुसरा धोका माणसाने केलेला आहे. डुकरांसाठी काही जण शेताभोवती तार ओढून तिच्यात खांबावरची वीज सोडतात. हा गुन्हा आहे आणि ती तार डुक्कर आणि माणूस ओळखत नाही. अंधारात लघवीला उठलेला शेजारी, त्याचे पोर किंवा स्वतःच्याच घरचे माणूस तिला चिकटते. अशा बातम्या दर हंगामात वर्तमानपत्रांत येतात. कुंपण करायचेच तर सौर झटका यंत्राचे करावे. त्यात ठरावीक अंतराने क्षणभर झटका बसतो, जीव जात नाही. आणि आडोशाला जाण्याची एक पायवाट ठरवून दोन्ही अंगांना चुन्याची रेघ मारावी. सगळ्यांनी तिनेच जावे, म्हणजे अंधारात कुणी भलतीकडे भरकटत नाही.

घरच्या कर्त्या माणसांना माझे एवढेच सांगणे आहे. यंदा माळ्याच्या मेढी रोवाल त्याच दिवशी आडोशाचा चरही खणा. रोजाने बाया लावाल तर त्यांना कामाला लावण्याआधी पाण्याचा माठ आणि आडोसा दाखवा. पिकाची राखण करणाऱ्या माणसाची राखण आधी झाली पाहिजे. अर्ध्या दिवसाची मेहनत आणि आठ-दहा रिकाम्या गोण्या, एवढ्यावर घरची सून, लेक आणि म्हातारी हंगामभर पोटभर पाणी पितील.