पाचशे पायऱ्यांखाली

अंगावर वस्त्र नसण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. तान्हे मूल उघडे असते, भ्रमिष्ट माणूस नागडा असतो, चित्रातील स्त्री विवस्त्र असते आणि तपस्वी दिगंबर. नीट पाहिले तर यांतील एकही शब्द देहाविषयी फारसे सांगत नाही. पाहणाऱ्याच्या नजरेविषयीच सांगतो. ज्या किनाऱ्याविषयी येथे लिहीत आहोत, तेथे यांपैकी कोणता शब्द चालेल, हे आम्हां दोघी बहिणींना अजून ठरविता आलेले नाही.

जून २०२३ मध्ये भाचीच्या पदवीदानासाठी आम्ही बेळगावहून व्हँकूव्हरला गेलो होतो. तेथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ समुद्रालगतच्या उंच कड्यावर वसले आहे आणि कड्याच्या तळाशी ‘रेक बीच’ हा सुमारे सात किलोमीटरचा किनारा आहे. “खाली समुद्र फार सुंदर आहे, आत्या, जाऊन या. तिथे बरेच लोक कपडे घालत नाहीत, एवढं लक्षात असू द्या,” भाची म्हणाली. ‘चपला बाहेर काढून ठेवा’ हे आपल्याकडे ज्या स्वरात सांगतात, तोच तिचा स्वर होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हां दोघींपैकी थोरलीचा, म्हणजे ताईचा, डावा स्तन २०१९ मध्ये काढावा लागला. तेव्हापासून ती ब्लाउजमध्ये त्या बाजूला कापसाची शिवलेली गादी घालते. घरात कोणी नसतानाही कपडे बदलताना दाराला कडी आणि आरशावर टॉवेल. आम्ही एकाच घरात राहतो. पण तो व्रण दोघींपैकी कोणीही नीट पाहिलेला नव्हता, तिनेसुद्धा नाही. म्हणून “चल, बघून तर येऊ,” असे तीच म्हणाली, याचे नवल वाटले.

उतरायला सुमारे पाचशे लाकडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना फर आणि सीडरचे प्रचंड वृक्ष, बुंध्याशी नेचे, आणि वरून झिरपणारा हिरवट उजेड. कड्याखाली रस्ता नाही, हॉटेल नाही. हा पॅसिफिक स्पिरिट प्रादेशिक उद्यानाचा भाग असून मूळ भूमी मस्क्वियम लोकांची आहे. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात सार्वजनिक नग्नता हा आजही गुन्हाच आहे. फक्त खटला भरायला ॲटर्नी जनरलची संमती लागते. कायद्याने डोळा मिटून घेण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही! १९७० च्या उन्हाळ्यात पोलिसांनी येथे धरपकड केली होती, तेव्हा लोकांनी विवस्त्र जमूनच तिचा निषेध केला. पुढे २००० नंतरच्या दशकात विद्यापीठाने कड्यावर वसतिगृहाचे मनोरे उभारायला घेतले, तेव्हा ते वाळूवरून दिसू नयेत म्हणून येथे नित्य येणाऱ्यांनी पुन्हा आवाज उठविला. त्यांचे बरोबर होते असे आमचे मत. मोटार थेट वाळूपर्यंत आली असती, तर हा किनारा केव्हाच संपला असता. केवळ बघायला येणारा माणूस पाचशे पायऱ्या परत चढण्याच्या विचारानेच गळतो.

आम्हां बेळगावकरांना हे चांगले ठाऊक आहे. १९७० च्या दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उघडे न्हात, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी गाड्या भरभरून लोक जात. त्यांतल्या कित्येकांनी समुद्राकडे पाहिलेही नसेल. आणि याच भागात, मोरपिसांची पिंछी व कमंडलू घेतलेले दिगंबर मुनी विहार करीत गावातून जातात, तेव्हा तीच माणसे कडेला उभी राहून हात जोडतात. एका नग्नतेपुढे मान वर होते, दुसरीपुढे लवते. नुसती सरळ मात्र राहत नाही.

रेक बीचवर ती सरळ होती. टक लावून पाहू नये, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये, ही तेथील रीत. वाहून आलेले मोठाले ओंडके वाळूत पडले होते. एकाला पाठ टेकून आम्ही बसलो. पहिली दहा मिनिटे आम्ही दोघी फक्त क्षितिजाकडे पाहत होतो, इतके निश्चल की आमच्याकडेच कोणाचे लक्ष जावे. मग हळूहळू मान वळू लागली. सुंदर देह फारच थोडे. सुटलेली पोटे, वाकलेल्या पाठी, गुडघ्यांवरचे टाके, छातीच्या मधोमध शस्त्रक्रियेची उभी रेघ असलेले एक आजोबा. पलीकडे आमच्याच वयाची एक बाई संत्रे सोलत होती. तिची उजवी बाजू सपाट होती आणि तिच्यावर आडवा, पांढुरका व्रण. ती साली एका कागदी पिशवीत नीट गोळा करीत होती.

ताई तिच्याकडे पाहत राहिली. तेथील रीत मोडण्याइतका वेळ पाहिले असेल. बाईने मान वर केली, किंचित हसली आणि पुन्हा संत्र्याकडे वळली.

“किती वर्षं झाली असतील गं तिला?” ताईने विचारले.

“जाऊन विचारू या का?”

“नको. खाऊ दे तिला.”

नऊ वाजत आले तरी उजेड होता. भरती चढू लागली तशी लोकांनी पंचे झटकले, कपडे घातले. आम्ही काही काढले नव्हते, घालायचे काही नव्हते. निघताना मात्र ताईने आमच्याकडे पाठ न करता कुर्त्याच्या गळ्यातून हात घातला, ती कापसाची गादी बाहेर काढली आणि पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली.

“घाम येतो फार. चढायचंय अजून,” ती म्हणाली.

चढताना आम्ही अकरा वेळा थांबलो. तरुण मुले ‘वाट द्या’ म्हणून पुढे जात होती. वर भाची वाट पाहत उभी होती. “कसं वाटलं, मोठ्या आत्या?” तिने विचारले.

“गुडघे गेले गं,” ताई म्हणाली, आणि बसथांब्याकडे चालू लागली.